जड चालीच्या बाईसाहेब

यांची तुमची ओळख नसेल, पण तुम्ही यांना पाहिलेलं नक्की आहे. कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मध्ये, हँडल दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरून या उभ्या असतात. जाडजूड बटण टायर, पुढे स्प्रिंगचा फोर्क, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि फ्रेमवर ‘२१ स्पीड’ असं तिरकं स्टिकर. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही. भाजीची पिशवी अडकवायला हूक लावू का म्हणून विचाराल तर अपमान समजतील. वजन सोळा किलोच्या आसपास, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो. पूर्ण नाव माउंटन बाईक. चारचौघांत एमटीबी.

आमच्या सोसायटीतल्या बाईसाहेब तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे दिल्या आहेत. गृहस्थ आठवडाभर हिंजवडीला आणि रविवारी सायकलवर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांच्या दोन तक्रारी पार्किंगमध्ये सगळ्यांना पाठ झाल्या. एक, जड चालते. दोन, खडखडते. "पायडल मारून मारून जीव जातो हो, आणि शेजारून पेपरवाला साध्या काळ्या सायकलवर, मागे गठ्ठा बांधून, गुणगुणत पुढे निघून जातो." पेपरवाल्याचं गुणगुणणं त्यांना जास्त लागलं होतं.

बाईसाहेबांशी बोलण्याआधी त्यांचा एक स्वभाव सांगून ठेवतो. त्या जिथे ओरडतात तिथे त्यांना सहसा फार काही झालेलं नसतं. खरं दुखणं भलतीकडे असतं आणि त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत.

माहेरचा विषय निघाला की मात्र आवरणं कठीण. माहेर म्हणे कॅलिफोर्नियाचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी, माउंट टॅमलपायसचा सगळा डोंगराळ मुलूख. सत्तरीच्या दशकात तिथल्या काही उपद्व्यापी पोरांनी तीस-चाळीस वर्षं जुन्या, फुगीर टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या रीपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. उतार असा, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस ठासावं लागायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायचा धंदा थाटला. १९८१ मध्ये स्टम्पजम्पर बाजारात आली आणि सायकल दुकानादुकानांत पोहोचली. १९९६ मध्ये अटलांटाला घराण्यात ऑलिंपिकची पदकंसुद्धा आली.

हे सगळं खरं आहे. बाईसाहेब दोनच गोष्टी गाळतात. पहिली अशी, की माहेरी चढावर कुणी पराक्रम गाजवत नव्हतं. वर जायचं ते सायकल ढकलत, नाहीतर पिकअप ट्रकमध्ये टाकून. जो काही वेग होता तो उतरणीचा. दुसरी गोष्ट, आमच्या बाईसाहेबांचा स्वतःचा जन्म लुधियान्याचा. मरीन काउंटीशी नातं लावायचं तर ते आतेमावशीच्या पलीकडे कुठेतरी जाऊन लावावं लागेल.

जड चालते म्हटलं की पहिला संशय गिअरवर. हा सार्वत्रिक नियम आहे. गृहस्थांनीही आधी गिअर सेट करून घेतले, मग परत सेट करून घेतले. गिअर वाजत होते हे खरं. पुढे मोठी चकती, मागेही सगळ्यांत मोठी, आणि मध्ये चेन तिरकी ओढलेली, अशा अवस्थेत कुणीही कुरकुर करील. शिवाय एकदा पार्किंगमध्ये त्या उजव्या अंगावर पडल्या होत्या. वॉचमनने उचलून ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. मागचा डिरेल्युअर ज्या पातळ कानावर टांगलेला असतो तो कान त्या पडण्यात आत वाकला होता. कान वाकलेला असताना केबल कितीही पिळली तरी गिअर एका ठिकाणी नीट बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी बिथरतात. कान सरळ झाला, कुरकुर थांबली. चाल होती तेवढीच जड.

आणि ती असणारच होती. हिशोब करून बघा. पुढची मोठी चकती ४२ दातांची, मागची छोटी १४ ची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण २.१५ मीटर. पायडलच्या एका फेऱ्याला साडेसहा मीटरच्या आसपास अंतर. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ३१ किलोमीटर. कर्वे रोडवर एवढा वेग रिकामा रस्ता मिळाला तरच लागणार. गृहस्थांचा काटा सतरा-अठराला अडायचा. तिथे गिअर संपले होते असं कुठल्याच कोर्टात सिद्ध झालं नसतं. २१ या आकड्याचंही फार मनावर घेऊ नका. तीन पुढे, सात मागे, गुणाकार बरोबर. पण त्यातले बरेचसे गिअर एकमेकांची नक्कल करतात.

शेवटी प्रकरण पौड रोडच्या आतल्या गल्लीत एका काकांच्या दुकानात गेलं. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल, छताला टांगलेली ट्यूबची माळ आणि पंक्चर शोधायची पाण्याची घमेली. काकांनी पाना हातातच घेतला नाही. ते आधी बाईसाहेबांवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. येताना डोळे अर्धे मिटलेले.

"पायडल मारायचं थांबवलं की आवाज थांबतो. म्हणजे चाकाचा नाही," ते म्हणाले. "उभं राहून मारलं तरी येतो. म्हणजे सीटचा नाही." मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ आला तर तो पायडलचा, क्रँकचा किंवा बीबीचा, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचा. चाकाच्या फेऱ्याला एकदा आला तर रिमचा, टायरचा किंवा डिस्कचा. आणि अडीच-पावणेतीन फेऱ्यांनी एकदा ‘टक्’ झालं तर ती चेनची एखादी आखडलेली कडी. कड्या ११२, दात ४२, भागाकार करा. हा भागाकार काकांनी तोंडाने केला नाही, पायांनी केला.

‘कट्’ पायडलच्या फेऱ्याचा निघाला. आधीच्या एका ठिकाणी याच आवाजावर बीबी बदलायचा सल्ला मिळाला होता, खर्चाच्या आकड्यासकट. काकांनी डावा पायडल काढला. डावीकडचे आटे उलटे असतात, त्यामुळे इथे बरेच हौशी लोक जोर लावून तो आणखी घट्ट करतात आणि पान्यावर रागावतात. आटे सुके ठणठणीत होते. फडक्याने पुसले, बोटभर ग्रीस लावलं, पायडल परत बसवला. बाईसाहेब गप्प झाल्या. गृहस्थांनी फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, "आवाज गेला हो. पण जडच आहे." काकांनी मान डोलावली. त्यांना तेच अपेक्षित होतं.

दुसरा कांगावा डिस्कचा. चालताना ‘शिक्... शिक्... शिक्...’ असा सुस्कारा ऐकू आला की ऐकणाऱ्याला वाटतं, ब्रेक लागूनच चाललाय बिचारीचा. फेऱ्याला एकदा सुस्कारा म्हणजे चकती एका जागी किंचित वाकलेली. सलग ‘श्श्श’ म्हणजे कॅलिपर तिरका बसलाय. अशा केबलवाल्या डिस्कमध्ये बऱ्याचदा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर बसून असतो. हलणारा पॅड चकतीला ढकलून बसलेल्या पॅडवर नेऊन टेकवतो. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा, तसाच धरून बोल्ट आवळायचे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. एवढ्या नाटकात वेग किती गेला म्हणाल, तर चकती जेमतेम घासत असली तर फारच थोडा. कानाला मोठा, पायाला नगण्य.

पायाला जे लागत होतं ते हबमध्ये लपलं होतं, आणि तिथून आवाज शून्य.

काकांनी पुढचं चाक काढलं. एक्सलची दोन टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि अगदी सावकाश, घड्याळाला किल्ली द्यावी तसा एक्सल फिरवला. मग ते चाक त्यांनी गृहस्थांच्या हातात दिलं. "फिरवा. जोर नका लावू." गृहस्थांनी फिरवला. एक्सल थोडा सरकला, अडला, मग बारीक खरखर करत पुढे गेला. बोटांच्या पेरांना वाळू लागावी तशी खरखर, कानाला काहीच नाही. आत कोन आणि कप, मध्ये छर्रे. पुढच्या हबमध्ये बाजूला दहा, मागच्यात बाजूला नऊ. पेटीबंद सायकल जोडताना कोन घट्ट आवळला की चाक डुगडुगत नाही आणि गिऱ्हाईक खूश होतं. छर्रे मात्र त्या दिवसापासून भरडले जातात. कोन सोडावा लागतो तो इतका, की चाक हातात असताना नखभर खेळ राहावा आणि क्विक रिलीज आवळल्यावर तो नाहीसा व्हावा. उचलून धरलेलं असं चाक शेवटी जड बाजू खाली आणून, मागेपुढे झुलत झुलत थांबतं. बाईसाहेबांचं चाक जिथे असेल तिथे एकदम उभं राहत होतं.

कोन आवळलेला होता हे एक. ग्रीसही नव्हतं, आणि त्याचं कारण बाईसाहेबांची आंघोळीची हौस. टेकडीवरून चिखल घेऊन आल्या की गृहस्थ त्यांना थेट वॉशिंग सेंटरवर न्यायचे. तिथे मोटारी धुवायचा पाण्याचा फवारा. चिखल दोन मिनिटांत साफ. त्याच फवाऱ्याने हबच्या कडेतून आत शिरून ग्रीस बाहेर काढलं, जाताना थोडं पाणी आणि थोडी माती ठेवून गेलं. बाहेरून बाईसाहेब लखलखीत. रंगाची तारीफ झाली की त्यांना आतल्या छर्‍यांची आठवणही राहत नाही. साधी बादली आणि फडकं त्यांना चालतं, पण त्यात मिरवायला काही मिळत नाही.

चेनचंही तेच. धुतल्यावर कोरडी पडलेली चेन ‘चिर्र चिर्र’ करायला लागली की गृहस्थ तिच्यावर हाताशी येईल ते ओतायचे. कधी इंजिन ऑइल, एकदा चक्क खोबरेल. त्यावर धूळ बसली आणि तेल-धुळीचा काळा लगदा कड्यांमध्ये पॉलिश पेपरचं काम करू लागला. काकांनी फूटपट्टी काढली. चेनच्या एका पिनेपासून मोजायला सुरुवात केली तर बारा इंचांवर नेमकी पिन यायला हवी. पिन बारा इंचांच्या पुढे एक अष्टमांश इंच सरकली होती. एक सोळांशालाच चेन बदलतात. अष्टमांशापर्यंत थांबलं तर तीच चेन मागच्या दातांनाही बरोबर घेऊन जाते. चेन आणि फ्रीव्हील दोन्ही गेले. नव्या चेनवर काकांनी थेंब थेंब तेल सोडलं, पायडल उलटा फिरवला आणि मग, गृहस्थ थक्क होऊन बघत असताना, सगळं तेल फडक्याने पुसून टाकलं. आत जायचं ते गेलेलं असतं. वर राहतं ते धुळीला आमंत्रण.

आता फोर्क. याबद्दल बोलताना जरा जपून बोलावं लागतं, कारण यांच्या अंगावरचा सगळ्यांत ठसठशीत दागिना हाच. माहेरच्या सायकलींना १९८९ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेला रॉकशॉक्सचा फोर्क मिळाला, आत हवा आणि तेल, खाचखळग्याला नेमकं दबून नेमकं परत येणारा. आमच्याकडचा फोर्क दिसायला तसाच. आत एक जाड स्प्रिंग, थोडं वाळलेलं ग्रीस, आणि किलोच्या किलो लोखंड. त्याची खोड मोठी गमतीची. पेव्हर ब्लॉकवर, काँक्रीटच्या सांध्यांवर, म्हणजे जिथे बारीक बारीक धक्के बसतात, तिथे हा ढिम्म हलत नाही. ते धक्के तो तसेच मनगटाकडे पाठवून देतो. पण गृहस्थ चढावर उभे राहून जोर लावू लागले की लगेच लवून मुजरे सुरू. खड्ड्याला दाद नाही, मांडीच्या जोराला मात्र तत्काळ. पायातून निघालेला जोर चेनपर्यंत जाण्याआधी असा पुढच्या मुजऱ्यात खर्च होतो. काही फोर्कच्या डोक्यावर लॉकआउटची कळ असते. ती फिरवली की मुजरे बंद. गृहस्थांना ती कळ म्हणजे शोभेचं झाकण वाटत होतं.

सीटबद्दल मात्र बाईसाहेबांना दोष देता येणार नाही. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत या आग्रहापायी गृहस्थांनी सीट पार खाली घातली होती. गुडघे छातीशी, मांड्या पेटलेल्या, जोर अर्धा. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यांत खाली नेला की पाय जवळपास सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी. काकांनी ती चांगली चार बोटं वर काढली. गृहस्थ पहिल्यांदा बसले तेव्हा घाबरले, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तेव्हा म्हणाले, "अरेच्चा."

आणि तरीही मुख्य आरोपी अजून मोकळाच होता.

टायर. बाईसाहेबांचा जीव तिथे आहे आणि गृहस्थांचाही. ही सायकल त्यांनी दुकानात टायर बघूनच पसंत केली होती. २.१ इंच रुंद, बटणं उंच आणि टोकदार, कडेला आणखी दणकट. डांबरावर आलं की यातलं प्रत्येक बटण खाली येताना दबतं, थोडं वाकतं, मग सुटतं. रबराचा व्यवहार थोडा लबाड आहे. दबताना घेतलेलं सगळं सुटताना परत देत नाही, काही हिस्सा उष्णता म्हणून खाऊन टाकतं. रस्त्याला लागलेल्या दर बटणावर ही तूट, आणि ती सगळी गृहस्थांच्या मांड्यांतून वळती. खडखडीचंही मोठं मूळ इथेच होतं. बटणावरून बटणावर पडत चाललेलं चाक हँडलमधून तळहातापर्यंत बारीक थरथर पोहोचवतं, अर्ध्या तासात हाताला मुंग्या येतात. वर त्याचा एक घुमारा असतो. ‘घूंऽऽ’. वेग वाढला की सूर चढतो. रस्त्यावरची पोरं वळून बघतात आणि बाईसाहेबांना वाटतं, आपण काय वेगात चाललोय.

त्यात हवा. गृहस्थ हवा रोज तपासायचे, अंगठ्याने. अंगठा दाबायचा, टायर दबत नाही, छान. या टायरची भिंत इतकी जाड असते की आत हवा निम्मी असली तरी अंगठ्याला पत्ता लागत नाही. काकांनी मीटर लावला. मागे २२ पौंड. पुढचा आकडा त्यांनी वाचून न दाखवता फक्त मीटर गृहस्थांसमोर धरला. पंक्चर नव्हतं. ट्यूबच्या रबरातून हवा आपोआप झिरपत असते, आठवड्या-दोन आठवड्यांत सहज जाणवेल इतकी. टायरच्या भिंतीवर ‘४० ते ६५ पीएसआय’ असं उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. काळ्यावर काळं, वर चिखल. ते कोण वाचणार? घरात आजोबांच्या वेळचा उभा पंप होता, तो इथे बसत नाही. यांचा वॉल्व्ह मोटरसायकलवाला, म्हणजे हवा पेट्रोल पंपावरही भरता येते. कमी हवेत टायर दर फेऱ्याला पोटात दुमडतो, भिंती कण्हतात, पण त्यांचं कण्हणं कानाला येत नाही. इतके दिवस ज्या चोराचा शोध चालू होता तो असा मूकपणे खाली बसून होता, आणि आरडाओरडा गिअर, डिस्क आणि पायडल करत होते.

गृहस्थांनी मग शिकलेलं एका दमात अमलात आणलं. थेट ६५. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये नवी तक्रार: "हलकी झाली हो, पण हाडं खिळखिळी झाली." होणारच. दगडासारखा टायर बारीक उंचवटा पोटात घेत नाही, सगळी सायकल आणि तिच्यावरचे गृहस्थ उचलून आपटतो. दर आपटण्यात पुन्हा जोर वाया जातो, तो टायरमध्ये जायच्या ऐवजी पाठीच्या मणक्यांत जातो. आपल्या रस्त्यांवर जास्त हवा म्हणजे जास्त वेग हे समीकरण गुळगुळीत डांबरापुरतंच खरं. काकांनी मागे ४५, पुढे ४० वर आणून ठेवलं. मागे जास्त, कारण बसणाऱ्याचं वजन मागे जास्त पडतं. त्या दिवसापासून पेपरवाल्याला गाठता येऊ लागलं. मागे टाकता आलं नाही, पण गाठता आलं.

तेव्हाच काकांनी खालच्या आवाजात सुचवलं होतं, "डांबरावरच चालवायची ना? पावणेदोन इंची साधे टायर टाकू. याच रिमवर बसतात. फरक बघा." गृहस्थांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. बटणांविना त्या कशा दिसतील याचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. "नको. साधी सायकल वाटेल." मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत महागडा भाग तो होता, आणि तो कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाही.

पण बाईसाहेबांवर अन्याय नको. त्यांना एकदा वेताळ टेकडीवर पाहा. मुरमाच्या, सुट्या दगडांच्या वाटेवर, हवा २८ पर्यंत उतरवलेली. पहिली गोष्ट कानाला कळते: घुमारा बंद. बटणं मातीत रुततात आणि त्यांना पकडायला काहीतरी मिळतं. टायर दगडावर आदळत नाही, दगडाभोवती दुमडून पुढे जातो. ज्या कमी हवेला पौड रोडवर आपण चोर म्हणालो, तीच इथे कामाला येते. रस्त्यावर वेगात निघून जाणारी पातळ टायरची रोड बाईक इथे खांद्यावर घेऊन चालावी लागते. उतरणीला गृहस्थ सीट पुन्हा खाली घालतात, आणि तेही इथे बरोबर असतं, कारण वजन मागे न्यायला जागा हवी असते. पसरट हँडलमुळे डांबरावर दोन रिक्षांमधून घुसता येत नाही, तेच हँडल इथे दगडाने वळवलेलं चाक हिसका देऊन सरळ करतं. स्प्रिंगचा आळशी फोर्कही मोठ्या धक्क्यांना थोडा लाजेकाजेस्तव हलतो. फिरायला आलेल्या आजोबांना वाट देत, घंटी नसल्याने तोंडानेच "आलो, आलो" म्हणत गृहस्थ उतरत असतात. वर जाताना मात्र बराचसा भाग बाईसाहेबांना ढकलतच नेलेला असतो. माहेरची रीत.

जुलैमध्ये गृहस्थ पुन्हा काकांच्या शटरसमोर हजर झाले. हब नवे, चेन नवी, हवा मोजलेली, सीट जागेवर. कुठेही आवाज नाही. "पण काका, चांदणी चौकाकडे जाताना जड जाते. येताना एकदम हलकी येते. असं कसं?" काकांनी चाक उचलून फिरवलं. ते झुलत झुलत थांबलं. डिस्क गप्प. चेन पट्टीला लावली, पिना जागच्या जागी. मग ते गल्लीच्या तोंडाशी आले आणि त्यांनी पश्चिमेकडे हात केला. चांदणी चौकाकडचा रस्ता चढता. आणि पावसाळ्याचा वारा तिकडूनच, थेट समोरून. बाईसाहेब बसणाऱ्याला ताठ, छाती काढून, हात फाकवून बसवतात, म्हणजे वाऱ्याला अडवायला जेवढं अंग देता येईल तेवढं देतात. वेग दुप्पट करू पाहाल तर हवेचा अडथळा चौपट होतो.

"मग यावर काय करायचं?"

"कोपर वाका, खाली झुका," काका म्हणाले. "नाहीतर सकाळी लवकर निघा, वारा पडलेला असतो." गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून त्यांनी दोन्ही टायरना मीटर लावला, मागच्यात तीन पौंड भरले आणि त्याचे पाच रुपये घेतले.